टीएसएच ५.३ की ४.६? एकच बाई, दोन रिपोर्ट, दोन रेंज

चोपड्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही पुढचं कळेल. वय ३१, लग्नाला चार वर्षं, आता बाळासाठी प्रयत्न सुरू करायचेत. केस गळतात, वजन वाढलंय म्हणून जळगावला सकाळी उपाशीपोटी थायरॉईड तपासलं, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉईड ढिला पडला की हे वाढतं) आलं ५.३ आणि समोर रेंज छापलेली ०.२७ ते ४.२, त्यामुळे आकडा ठळक आणि पुढे वरचा बाण. डॉक्टरांनी थायरॉईडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहिली. बारा दिवसांनी सुरतला बहिणीकडे गेल्या तर तिथे दुपारी जेवण झाल्यावर परत केलं, ते आलं ४.६ आणि तिथली रेंज ०.३४ ते ५.६, म्हणजे नॉर्मल. गोळी अजून सुरू केलेली नाही. सासूबाई म्हणतात एकदा धरली की जन्मभर सुटत नाही. ताईंचं म्हणणं असं की यातली कोणती लॅब खोटी, आणि बायकांची खरी नॉर्मल रेंज किती ते एकदाच सांगून टाका.

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, भुसावळकडे वीसेक वर्षं लॅब चालवतोय, आणि हा प्रश्न काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी येतो. सरळ सांगतो, दोन्ही लॅब खऱ्या असू शकतात. आणि "बायकांची रेंज" अशी वेगळी काही नसते, गरोदर नसलेल्या बाईची आणि पुरुषाची टीएसएचची रेंज जवळपास एकच, साधारण ०.४ ते ४ च्या आसपास. थायरॉईडचा आजार बायकांमध्ये कितीतरी पट जास्त दिसतो हे खरं, पण आजार जास्त म्हणून रेंज वेगळी असं नाही. फरक पडतो तो गरोदरपणात, वयाने, आणि तपासणी कोणत्या किटवर केली त्याने. तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो, तो म्हणजे "मला आई व्हायचंय, तर हा ५.३ माझ्यासाठी काळजीचा आहे का". त्याकडे येतो, पण आधी रेंज म्हणजे काय ते बघू.

आपल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या माणसाला केळीवरून पटकन कळेल. समजा एका निरोगी बागेतले हजार घड वजन केले, सगळ्यात हलके २५ आणि सगळ्यात भारी २५ बाजूला काढले, मधले ९५० उरले, त्यांचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन म्हणजे रेंज. आता जे ५० बाजूला काढले ते रोगट होते का? नाही ना, ते त्याच निरोगी बागेतले. लॅबच्या रेंजचं हेच आहे, निरोगी लोकांमधले मधले ९५ टक्के. म्हणजे शंभर धडधाकट बायका उभ्या केल्या तर दोन-तीन जणींचा आकडा काही कारण नसताना रेंजच्या वर जाणारच, आणि रिपोर्टवर बाण येणारच. बाण म्हणजे "इकडे लक्ष द्या", आजाराचा शिक्का नाही.

आता काटा. रावेरच्या काट्यावर घड २४ किलो भरला, तोच सावद्याच्या काट्यावर २३ भरला, तर तुम्ही रावेरचं वजन घेऊन सावद्याची मर्यादा लावणार नाही. टीएसएच मोजणाऱ्या किटचं तसंच आहे. प्रत्येक कंपनीची अँटीबॉडी (टीएसएचला पकडणारं प्रथिन) वेगळी, ती टीएसएचच्या रेणूला कुठे पकडते ते वेगळं, म्हणून एकाच रक्तावर दोन मशीन थोडे वेगळे आकडे देतात आणि दोघांच्या रेंजही वेगळ्या असतात. बाजारात चालणाऱ्या मोठ्या किटांपैकी एकाची रेंज ०.२७ ते ४.२, दुसऱ्याची ०.३५ ते ४.९४, तिसऱ्याची ०.३४ ते ५.६ अशी आहे, आणि बहुतेक लॅब, माझीसुद्धा, किटबरोबर आलेल्या कागदावरचीच रेंज छापतात, कारण स्वतःच्या भागातल्या शेकडो निरोगी माणसांवर रेंज काढायची ऐपत तालुक्याच्या लॅबची नसते. एकदा माझ्याकडेच मशीन बदललं आणि रिपोर्टच्या फॉर्मॅटमध्ये जुनीच रेंज राहून गेली, तीन दिवस तसेच रिपोर्ट गेले, एका फिजिशियनने फोन करून विचारलं तेव्हा लक्षात आलं आणि मग सगळ्यांना बोलावून नवीन रिपोर्ट दिले. त्यातल्या एका बाईने तोवर मेडिकलवाल्याला विचारून गोळी चालूही केली होती. तेव्हापासून मी लोकांना सांगतो, आकडा एका कागदावरचा आणि रेंज दुसऱ्या कागदावरची असं कधी करू नका.

युनिटमुळेही लोक घाबरतात. कुठे मायक्रो आययू पर एमएल लिहिलेलं असतं, कुठे मिली आययू पर लिटर. दोन्ही एकच, आकडा बदलत नाही.

तुमच्या दोन रिपोर्टमधला फरक ५.३ आणि ४.६, म्हणजे जेमतेम तेरा टक्के. टीएसएच एकाच माणसात दिवसभर वरखाली होतं. रात्री, विशेषतः मध्यरात्रीनंतर, सगळ्यात जास्त, मग सकाळपासून उतरत जातं आणि दुपारी सगळ्यात कमी, खाल्ल्यावर अजून थोडं खाली येतं. तुमचं जळगावचं सकाळचं उपाशीपोटी आणि सुरतचं दुपारचं जेवून. नुसत्या वेळेनेच एवढा फरक पडू शकतो, त्यात किट वेगळं. माझा हिशोब असा की दोन टीएसएचमध्ये निदान चाळीस-पन्नास टक्के फरक असल्याशिवाय "वाढलं" किंवा "कमी झालं" म्हणायचंच नाही. तुमचे दोन्ही रिपोर्ट मी एकच धरतो, "पाचच्या आसपास, काठावर". थायरॉईडला उपाशी असायची सक्ती नाही, पण दरवेळी एकाच लॅबमध्ये आणि एकाच वेळेला द्या, सकाळी तर सकाळी, मग तुलना होते.

एक गोष्ट तुम्ही सांगितली नाही पण केस गळतात म्हणालात म्हणून विचारतो, केसांच्या गोळ्या चालू आहेत का? त्यात बायोटिन असतं, आणि काही किटमध्ये बायोटिनचाच वापर करून टीएसएच पकडतात, तर गोळीतलं जादा बायोटिन मध्ये घुसून आकडा बिघडवतं. टीएसएच खोटं कमी दिसतं आणि फ्री टी४ (थायरॉईडच्या हार्मोनचा रक्तात मोकळा फिरणारा भाग) खोटं जास्त, म्हणजे उलटाच आजार आहे की काय असं वाटावं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि तपासण्यांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) यावर इशारा दिला होता, नंतर काही किट सुधारली, पण तुमच्या लॅबचं कोणतं आहे ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला सांगा. आमच्याकडे एका कॉलेजच्या मुलीचा रिपोर्ट हायपरसारखा, म्हणजे थायरॉईड जास्त काम करतोय असा, आला होता, मुलगी मात्र ठणठणीत, नाडीसुद्धा ७२. विचारल्यावर पर्समधून केसांच्या गोळ्यांची डबी निघाली.

दुसरं, गेल्या महिना-दोन महिन्यांत टायफॉईड, डेंग्यू असं काही मोठं दुखणं झालं होतं का? आजारातून उठताना टीएसएच काही आठवडे वर जातं आणि आपोआप उतरतं. पावसाळ्यानंतर माझ्याकडे असे काठावरचे रिपोर्ट भरपूर येतात आणि त्यातले बरेच दोन महिन्यांनी नॉर्मल होतात. डॉक्टरांनी तेव्हाच गोळी दिली असेल तर श्रेय मात्र गोळीला जातं.

आता टीएसएचलाच एवढं महत्त्व का ते सांगतो. शेतातला मुकादम आणि मजूर डोळ्यासमोर आणा. थायरॉईड हा मजूर, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हा मुकादम आणि टीएसएच म्हणजे मुकादमाची हाक. मजूर जरा ढिला पडला की मुकादम लगेच ओरडायला लागतो, आणि थोडा नाही, खूप. फ्री टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपट वाढू शकतं. म्हणून मजुराचं काम अजून नीट चाललेलं असताना, म्हणजे फ्री टी४ रेंजमध्ये असतानाच, हाक मोठी झालेली ऐकू येते. यालाच सबक्लिनिकल हायपोथायरॉईड, म्हणजे अजून उघड न झालेला कमी थायरॉईड, म्हणतात, आणि तुम्ही असाल तर याच गटात, तेही अगदी दारात उभ्या. असाल म्हणतोय कारण तुमच्या पॅकेजमध्ये टी३ (थायरॉईडचं दुसरं हार्मोन), टी४, टीएसएच होतं, त्यातलं टी४ हे टोटल, म्हणजे बांधलेलं आणि मोकळं मिळून. टोटल टी४ रक्तातल्या वाहून नेणाऱ्या प्रथिनावर अवलंबून असतं, ते प्रथिन गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणात वाढतं, मग टोटल टी४ पण वाढलेलं दिसतं आणि थायरॉईड असतो नॉर्मल. नवरात्रात महिलांसाठी म्हणून जी स्वस्त पॅकेजं निघतात त्यात हेच असतं. मीही लावतो ती पॅकेजं, खोटं कशाला बोलू, पण माझ्या घरच्या बाईचं करायचं असेल तर मी टीएसएच आणि फ्री टी४ करतो, टी३ सोडून देतो. थायरॉईड कमी आहे का हे बघायला टी३ चा काही उपयोग नाही.

रेंजच्या बाबतीत अजून एक, जे कागदावर छापलेलं नसतं. प्रत्येकाचा स्वतःचा एक ठरलेला आकडा असतो. डेन्मार्कमध्ये १६ निरोगी माणसांचं दर महिन्याला असं वर्षभर रक्त तपासलं (सगळे पुरुषच होते, बायकांच्या आजारावर अभ्यास करताना हे असंच चालतं), तर प्रत्येकाचा स्वतःचा पट्टा हा छापील रेंजच्या साधारण निम्माच रुंद निघाला. म्हणजे कोणी कायम १ च्या आसपास, कोणी कायम ३ च्या. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. तुमच्या लग्नाआधीचा कुठला रिपोर्ट सापडला आणि त्यात १.२ असेल तर आजच्या ५.३ ला माझ्या लेखी वजन येतं, आणि त्यात ४.१ असेल तर मी निवांत.

वयाचंही तसंच. अमेरिकेत १९८८ ते ९४ मध्ये जी मोठी पाहणी झाली त्यात विशीतल्या लोकांची वरची मर्यादा ३.६ च्या आसपास निघाली आणि ऐंशीच्या पुढच्यांची ७.५. मागे पारोळ्याच्या एक आजी आल्या होत्या, ७८ वर्षांच्या, टीएसएच ६.२, फ्री टी४ उत्तम, शेतात जाऊन भाजी खुडून येणाऱ्या. म्हणाल्या, "मना गयामा गाठ नही, मंग हाई गोयी कसाले?" (माझ्या गळ्यात गाठ नाही, मग ही गोळी कशाला?) बरोबरच विचारत होत्या. त्यांच्या डॉक्टरांशी बोललो आणि गोळी न देता सहा महिन्यांनी परत बघायचं ठरलं. २०१७ मध्ये ६५ च्या पुढच्या ७३७ लोकांवरचा अभ्यास छापून आला, सबक्लिनिकलला गोळी देऊन थकवा-बिकवा यात काहीच फरक पडला नाही. तुमचं वय ३१ आहे म्हणून हे जसंच्या तसं तुम्हाला लागू नाही, पण एकच रेंज सगळ्यांच्या अंगाला बसत नाही हे कळावं म्हणून सांगितलं.

आता तुमचा मुद्दा, बाळ. इथेच उत्तर "परिस्थितीवर अवलंबून" असं होतं. बाळाचा विचार नसता तर मी सांगितलं असतं, दोन-तीन महिन्यांनी परत करा, १० च्या खाली असेल आणि फ्री टी४ नीट असेल तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवायचं. बाळ हवं असेल तर एवढं निवांत बसत नाही, कारण पहिले तीन महिने बाळाचा स्वतःचा थायरॉईड कामाला लागलेला नसतो, ते आईच्या हार्मोनवर वाढतं, आणि आईच्या थायरॉईडला पहिल्या काही आठवड्यांतच काम वाढवावं लागतं. काठावरचा थायरॉईड तिथे कमी पडू शकतो. तो कमी पडेल का हे कळायला सगळ्यात कामाची तपासणी म्हणजे अँटी टीपीओ. ही अँटीबॉडी असेल तर शरीर स्वतःच थायरॉईडला हळूहळू खातंय. इंग्लंडमध्ये विकहॅम भागात लोकांचा २० वर्षं पाठपुरावा केला, त्यात ज्या बायकांचं टीएसएच वाढलेलं आणि अँटीबॉडीही होती त्यांच्यापैकी दरवर्षी साधारण ४.३ टक्के बायका उघड हायपोथायरॉईडमध्ये गेल्या, नुसतं टीएसएच वाढलेलं होतं त्यांच्यात २.६ टक्के. म्हणजे दोन्ही असलं तरी शंभरातल्या पंच्याण्णव जणी त्या वर्षी तशाच राहतात. हे सासूबाईंनाही सांगा.

गरोदरपणाच्या रेंजवरून फार गोंधळ आहे. पहिल्या तिमाहीत एचसीजी नावाचं गरोदरपणाचं हार्मोन थायरॉईडला टीएसएचसारखंच ढकलतं, त्यामुळे टीएसएच आपोआप खाली येतं, म्हणून रेंजही खाली सरकते. २०११ च्या अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनी पहिल्या तिमाहीची वरची मर्यादा २.५ सांगितली, आणि तो २.५ इतका डोक्यात बसला की गरोदर नसलेल्या बाईलाही लोक २.८ वर गोळ्या द्यायला लागले. २०१७ मध्ये त्याच संस्थेने दुरुस्ती केली, स्वतःच्या लोकसंख्येची रेंज असेल तर ती वापरा, नसेल तर वरची मर्यादा ४ च्या आसपास धरा. आपल्याकडे दिल्लीत निरोगी गरोदर बायकांवर काम झालं, ते २००८ मध्ये छापून आलं, त्यात पहिल्या तिमाहीत ०.६ ते ५.० निघालं. तरी बऱ्याच रिपोर्टवर अजून तो २.५ छापला जातो. तुमच्या डॉक्टरांनी २५ ची गोळी दिली ते चुकीचं नाही बरं का, बाळाची तयारी आहे हे ऐकून दिली असेल तर तो मान्य असलेला मार्ग आहे, विशेषतः अँटी टीपीओ पॉझिटिव्ह असेल किंवा आयव्हीएफ करायचं असेल तर, आणि अशा वेळी टीएसएच २.५ च्या खाली ठेवायला बघतात. अँटी टीपीओ निगेटिव्ह असेल आणि निसर्गतः दिवस राहायची वाट बघायची असेल तर थांबून बघणारे डॉक्टरही आहेत. दोघांनाही आधार आहे. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर एवढं केलं असतं, जळगावच्या त्याच लॅबमध्ये सकाळीच टीएसएच, फ्री टी४ आणि अँटी टीपीओ एकदम करून घेतलं असतं आणि तिन्ही रिपोर्ट घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो असतो. गोळी घ्यायची की नाही हे त्यांच्यासमोर ठरवा, माझ्या लिहिण्यावरून नको.

जन्मभर गोळीचं म्हणाल तर ती अफूची गोळी नाही, सवय लागत नाही. ज्यांचा थायरॉईड कायमचा गेला त्यांना कायम लागते, तुमच्यासारख्या काठावरच्या केसमध्ये बाळंतपणानंतर बंद करून परत तपासतातही. फक्त बाळंतपणानंतरच्या वर्षभरात थायरॉईडला सूज येऊन आकडे आधी खाली मग वर असे हेलकावे खातात, शंभरात पाच-सात जणींना होतं, तेव्हा त्या काळातल्या एका रिपोर्टवरून जन्मभराचा निर्णय घेऊ नका.

गोळी सुरू झालीच तर दोन-तीन गोष्टी, कारण लोक गोळी नीट घेत नाहीत आणि मग रेंजमध्ये येत नाही म्हणून लॅबला शिव्या देतात. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या तासाने, पाऊण तास झाला तर उत्तम. लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम चार तासांच्या अंतराने, नाहीतर थायरॉईडची गोळी पोटातच अडकते, रक्तात जात नाही. रक्तातल्या टी४ चं अर्धं आयुष्य सात दिवसांचं असतं म्हणून डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांच्या आत तपासू नका, आधीचा आकडा अर्धवट असतो, पैसे वाया. आणि आपल्याकडचा मे महिना, ४५ च्या पुढे पारा, गोळ्यांची बाटली गॅसच्या ओट्यावर किंवा पत्र्याच्या घरात खिडकीत ठेवली तर औषधाचा जोर कमी होतो. भुसावळला उन्हाळ्यानंतर टीएसएच वाढलेले पेशंट मी बघतो आणि पहिला प्रश्न हाच विचारतो, बाटली कुठे असते.

खाण्याचं तुम्ही विचारलं, कोबी, वांगं बंद करू का. भरीत खुशाल खा, वांग्याचा थायरॉईडशी काही संबंध नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीसारखा खाल्ला तर काही होत नाही. बाजरीत थायरॉईडला अडवणारे घटक असतात हे खरं, पण ज्याच्या पोटात आयोडीन जातंय त्याने आठवड्यातून चार भाकरी खाल्ल्या तर बिघडत नाही. मीठ मात्र आयोडीनचंच, ते जाडं खडे मीठ लोणच्याला घाला, रोजच्या भाजीत नको.

वजनाचं स्पष्ट बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. ५.३ टीएसएचने दहा-बारा किलो वाढत नाही. केसांसाठी एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) बघा, आपल्याकडच्या बायकांच्या गळणाऱ्या केसांमागे मला लोहाची कमी थायरॉईडपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडते, आणि बाळाच्या आधी ती भरून काढलेली बरीच.

आणि पाळी चुकली, घरच्या पट्टीवर दोन रेषा आल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात टीएसएच करायचं. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन, कारण बहुतेक जणींचा डोस तेव्हा पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि मग गरोदरपणाचे निम्मे दिवस होईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. लॅबच्या फॉर्मवर किती आठवडे झालेत ते स्वतः लिहून द्या, नाहीतर आमचा पोरगा नेहमीची रेंज छापून मोकळा होतो.